कबऱ्याच्या अंगावरचा वळ

उदेभान मडावीला रस्त्यात कुणी "जय सेवा" म्हटलं, तर उत्तर देण्याआधी तो त्या माणसाच्या पायांकडे बघायचा. पायाला चिखल आहे का, तो तलावाचा काळा आहे की धानाच्या बांधीतला पिवळा, आणि असा हा माणूस या वेळेला इकडे काय करून राहिला आहे, एवढं मनात झालं की मग "जय सेवा, भाऊ". वनखात्यात रोजंदारीवर राबून त्याला ही सवय लागली होती. उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, आगीवर नजर ठेवायची, पाणवठ्यांत पाणी आहे की नाही पाहायचं. जंगलात मोडलेली काडी दिसली तर ती कुणी मोडली हे विचारावंच लागतं. घरी आल्यावर मात्र तो चपला काढायचा आणि संशय तसाच अंगावर ठेवायचा. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्यामागे काहीतरी आहे असं त्याला वाटायचं.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या अलीकडे, जंगलाच्या अगदी काठाला त्याचं घर होतं. घरात तो आणि बायको चमेली. मुलीचं लग्न होऊन ती देवरीकडे गेली होती. आणि कबऱ्या होता, पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला, छातीने रुंद आणि डोक्याने निमुळता कुत्रा.

गावात बाकीची कुत्री मोकळी फिरत. कबऱ्या मात्र बांधलेला असायचा. एक तर वनमजुराचा कुत्रा हरणामागे धावलेला साहेबाला दिसला तर मजुरी जाईल, ही भीती. दुसरं म्हणजे बिबट. गावातली दोन-तीन कुत्री त्याने अंगणातून उचलली होती. म्हणून उदेभानने जुन्या चामड्याच्या पट्ट्याला आतून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून त्यांची टोकं बाहेर काढली होती, आणि तो काटेरी पट्टा कबऱ्याच्या गळ्यात घातला होता. बिबट मान धरतो. मान धरली की त्याच्याच तोंडात चुका घुसायला हव्यात. या पट्ट्याला दोर बांधून तो रोज सकाळी कबऱ्याला फिरवून आणायचा. कबऱ्या जोर लावून पुढे ओढायचा, पट्टा गळ्यात रुतायचा आणि कुत्रा खॅक खॅक करून खोकायचा.

"तो पट्टा त्याचा गळा दाबून राहिला," चमेली एकदा म्हणाली होती.

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मले काई समजत नाई. तुमचा कुत्रा, तुमीच पाहा." आणि ती चुलीकडे वळली होती. तिला कुत्र्याचं काही पडलेलं नाही, हे तेव्हापासून उदेभानने धरूनच ठेवलं होतं.

धान निघून गेले होते आणि बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका संध्याकाळी कामावरून आल्यावर उदेभान कबऱ्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला होता. पुढच्या पायांच्या मागे, फासळ्यांवर त्याचा हात थांबला. तिथले केस एका सरळ रेषेत दबले होते. बोटभर रुंदीचा वळ पाठीवरून निघून पोटाखाली जात होता. त्याने कुत्र्याला उताणं केलं. छातीवरही तसाच वळ. शिवाय पोटाच्या केसांत तलावाचा काळा गाळ वाळलेला.

त्याने सकाळी कबऱ्याला तलावाकडे नेलंच नव्हतं.

"आज कुत्रा सुटला होता का?" त्याने आत आवाज दिला.

"नाई," चमेली म्हणाली. "कायले सुटन? बांधला होता ना तुमी."

उदेभान उठून खुंटीपाशी गेला. गाठ पाहिली. दोर खुंटीला बांधायची त्याची स्वतःची पद्धत होती, दोन वेढे आणि शेवट आतून. आता शेवट बाहेरून होता. म्हणजे दिवसा कुणीतरी येतं, कबऱ्याला सोडतं, त्याच्या अंगावर काहीतरी चढवतं, तलावाकडे नेतं आणि परत आणून बांधतं. आणि कबऱ्या अनोळखी माणसाला अंगणात पाय ठेवू देत नाही. म्हणजे ओळखीचाच माणूस.

त्याच्या डोक्यात पहिलं आलं ते डुकराचं. जंगलकाठच्या काही पोरांनी कुत्री घेऊन रानडुकरं घेरायचा धंदा चालवला होता. कबऱ्यासारखा छातीचा कुत्रा त्यांना हवाच असणार. कबऱ्या तिथे सापडला तर साहेब विचारणार, हा कुत्रा कुणाचा? आणि उत्तर एकच निघणार. उदेभानला रात्री नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कुत्र्याचं अंग तपासूनच घरात शिरू लागला. कधी वळ असायचा, कधी नसायचा. वळ दिसायच्या दोन-चार दिवस आधी चमेलीचं मनगट सुजलेलं दिसलं होतं, तेही त्याला आता आठवलं.

"हे काय झालं?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"बोरिंगवर घसरली."

बोरिंगवर नवा ओटा झाला होता, तिथे घसरण्यासारखं काही नव्हतं. त्याने तेही मनात टाकून ठेवलं.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात तो दाव्या-कासऱ्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. घुंगरमाळा, मुसक्या, नायलॉनचे दोर, आणि एका बाजूला कुत्र्यांचे रंगीत पट्टे टांगलेले. त्यात एक विचित्र प्रकार होता, पट्ट्यांचं जाळंच जणू.

"हे काय आहे गा?"

"हार्नेस है, भैया," दुकानदार म्हणाला. "छाती का पट्टा. गळ्याला लावायचा नाही. हे असं पुढून छातीवर, हे पायांच्या मागून पोटाखाली, आणि दोर पाठीवर. कुत्रा खींचेगा तो भी गले पे जोर नहीं."

उदेभानने ते हातात घेतलं. पायांच्या मागून पोटाखाली. छातीवर. वळ नेमका तिथेच होता.

"कोण घेते हे?"

"आजकल लडके लोग लेते हैं. तुमच्या बाजूचे पण आहेत."

"कोण? नाव सांग."

दुकानदार हसला. "नाम कौन पूछता है भैया. घ्यायचा का तुम्हाला?"

घ्यायचा नव्हता. गळा मोकळा ठेवून कुत्र्याला जंगलकाठाने फिरवायचं, म्हणजे बिबटाला ताट वाढून देणं. असला प्रकार कुत्र्याच्या काळजीने कुणी घालणार नाही. पूर्ण जोराने ओढणारा कुत्रा ज्याला हवा आहे, शिकारीत पुढे धावणारा, तोच घालणार. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्याने सगळं जुळवलं. आपल्या बाजूची पोरं म्हणजे पुनारामचा विक्की. विक्कीकडे मोटरसायकल होती, तो दिवसभर कुठे असतो ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मागच्या वर्षी याच पुनारामने धानात डुकरं येतात म्हणून कबऱ्याला चार दिवस मागितलं होतं. उदेभानने दिलं नव्हतं.

पुनारामचं घर मधली एक बांधी सोडून होतं. त्याच्या आजोबांनी खणलेल्या बोडीवर, त्या लहान तळ्यावर, अजून दहा घरांची शेती भिजत होती, पण त्याचा तोरा न मिरवणारा तो शांत माणूस होता. उदेभान गेला तेव्हा तो अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता.

"पुनारामभाऊ, माह्या कुत्र्याले कोण नेऊन राहिलं?"

"म्हंजे?"

"म्हंजे तुमाले माहीत नाई का? विक्की कुठं हाय?"

पुनारामच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "विक्की गोंदियाले कामाले लागला. महिना झाला. तिथंच राहते. तू काय बोलून राहिला, उदेभान?"

"कबऱ्याच्या अंगावर पट्ट्याचा वळ पडते. डुकराच्या शिकारीले कोणीतरी नेते. अना मागच्या साली कुत्रा मांगाले कोण आलं होतं?"

"मांगाले आलो होतो, चोराले नाई." पुनाराम उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "तीस वर्सं झाली आपण शेजारी हाओ. तुह्या कुत्र्याले मी चोरून कायले नेऊ? तू आपल्या साडभावावर असाच गेला होता. तो तुटला, आता माही पाळी."

"त्याचं इथं काय काम?"

"काई काम नाई." पुनारामने शेंगांचं सूप उचललं. दारात जाऊन तो थांबला. "जगाले पुसत फिरू नको. आपल्या घरात पूस."

उदेभान घराकडे निघाला, पण त्याचे पाय बांधावरच रेंगाळले. पुनारामला काहीतरी दिसलं होतं. त्याच्या अंगणातून उदेभानचं अंगण सरळ दिसायचं.

साडभाऊ म्हणजे मनीराम, चमेलीची धाकटी बहीण धुरपता हिचा नवरा. तोही वनमजूर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात जंगलाला आग लागली तेव्हा उदेभान जागेवर नव्हता, असं कुणीतरी साहेबाच्या कानावर घातलं. त्याचं त्या हंगामाचं काम गेलं. मनीरामनेच सांगितलं, हे उदेभानने ठरवून टाकलं. पुरावा काही नव्हता. तेव्हापासून तलावाच्या पलीकडच्या टोल्यावर, त्यांच्या वस्तीवर, जाणं-येणं बंद. पावसाळ्याच्या शेवटी मनीरामला लकवा मारला असं कळलं, तेव्हाही उदेभान चमेलीला म्हणाला होता, "सोंग हाय. सहानुभूती पाह्यजे त्याले. तू जाऊन बसशील तिथं, अना तो हासन." ती रडली नाही, भांडली नाही, तेव्हा तिला पटलं असं त्याने समजून घेतलं होतं.

त्या रात्री जेवताना त्याने बायकोकडे नीट पाहिलं. तिच्या साडीच्या काठाला लवंगा गवताची कुसळं चिकटली होती. ती कुसळं तलावाच्या पाळीवरची, मातीच्या बांधावरची.

दुसऱ्या सकाळी तो डबा घेऊन, "आज दूरच्या बीटात काम हाय, उशीर होईन," असं सांगून सायकलवर निघाला. कामावर सुट्टी सांगितलेली होती. बांबूच्या दाट रांजीत सायकल लपवून तो मागच्या वाटेने परत आला आणि मोहाच्या झाडाआड बसून राहिला. आपल्याच घरावर पाळत ठेवून बसलो आहोत, हे त्याला कळत होतं. पण उठवत नव्हतं.

ऊन जरा चढल्यावर चमेली बाहेर आली. तिने इकडे तिकडे पाहिलं. मग कोठीमागे हात घालून खाटेला विणायच्या नवारपट्टीची काहीतरी गुंडाळी काढली. कबऱ्या तिला पाहून उड्याच मारायला लागला. उदेभानने त्याला असा कधी पाहिला नव्हता. तिने त्याच्या गळ्यातला चुकांचा पट्टा काढून खुंटीला टांगला, एकेक पाय उचलून नवारीच्या फासांत घातला, पाठीवर गाठ मारली, दोर बांधला. एका हातात डबा, दुसऱ्यात दोर. आणि दोघं पाळीच्या वाटेने निघाली.

शिकारी नाही, विक्की नाही. आपली बायको. डबा कुणासाठी? कुत्रं कशाला? आणि माझ्याशी खोटं का? त्याचं मन जिथे कधी गेलं नव्हतं, तिथेही एक चक्कर मारून आलं. तो झाडाझाडाआडून मागे निघाला.

पाळीवर कबऱ्या पुढे होता. ओढत होता, पण चमेली धडपडत नव्हती. दोर पाठीतून निघाल्यामुळे कुत्र्याचं तोंड वर ओढलं जात नव्हतं, आणि एवढ्या वाटेत तो एकदाही खोकला नाही. उदेभानच्या ते ध्यानात आलं आणि त्याला त्याचाही राग आला. पाळ उतरून झुडपांची वाट लागली. तिथे चमेलीने दोर आखूड धरला आणि मोठ्याने कुत्र्याशी बोलायला लागली, जंगलात बायका बोलतात तसं. ती वाट एकटीने जायची नव्हतीच. मग टोला आला, आणि ती धुरपताच्या अंगणात शिरली.

उदेभान कुडाजवळ थांबला. आतून धुरपताचा आवाज आला, "धर बाई, धर. एक, दोन—" आणि कण्हल्याचा आवाज. तो दारात गेला.

मनीराम खाटेवर होता. उजवा हात लाकडासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी पांढरी झालेली. त्याच्या काखांखालून छातीवरून नवारीचा रुंद पट्टा घेतला होता. एक टोक धुरपताच्या हातात, एक चमेलीच्या, आणि मनीरामची पोरगी रीता पाठीमागून रेटत होती. तिघी मिळून त्याला उठून बसवत होत्या. हे सोंग नव्हतं. सोंगात माणूस एवढा वाळत नाही.

आधी कबऱ्याने त्याला पाहिलं आणि शेपटी हलवली. मग बायकांनी. नवारीचं टोक न सोडता चमेलीने त्याच्याकडे पाहिलं.

"मागं मागं आले का?" ती म्हणाली.

"तू मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त काय केलं असतं तुमी?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. त्यामुळे त्याने दुसरंच काढलं. "अना कुत्र्याचा पट्टा काढून आणते तू? या वाटेनं? बिबटानं मान धरली त काय करशील?"

"अना पट्ट्यानं मले पाळीवरून खाली पाडलं तवा?" तिने अजून सुजलेलं मनगट पुढे केलं. बोलता बोलता ती गोंडीत घसरली आणि पुन्हा मराठीत आली. "बोरिंगवर नाई पडली मी. तुमच्या पट्ट्यानं वढून राहिला होता. गळा दाबला का तो अजून जोर करते, डोळे बाहेर येतात त्याचे. इकडं मनीरामचंबी तसंच, हात धरून वढलं का त्याचा खांदा उतरे. मंग डॉक्टरीणबाईनं सांगतलं, हात वढू नका, छातीखालून पट्टा घ्या. त्याले दुखनं बंद झालं. मी म्हटलं, माणसाले जमते त कुत्र्याले काऊन नाई जमन? रीतानं उरलेल्या नवारीचं शिवून देल्लं."

रीता हळूच म्हणाली, "मोठेबाबा, माप घेतलं मी बराबर. काखेत लागत नाई त्याले."

मनीरामच्या तोंडातून आवाज निघाला. शब्द कळला नाही. धुरपताला कळला. "बसा म्हनतात, भाऊजी," ती म्हणाली, आणि नवारीचं टोक पुन्हा आवळलं, कारण नवरा अर्धाच उठलेला होता आणि तिचे हात भरून आले होते.

उदेभान पुढे झाला आणि चमेलीच्या दुखऱ्या हातातलं टोक त्याने आपल्या हातात घेतलं. त्याने आणि धुरपताने मिळून मनीरामला भिंतीला टेकवून बसवलं. माणूस हलका झाला होता. उदेभानने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण डोळ्यांत फार वेळ बघणं त्याला जमलं नाही.

दिवसभर तो तिथेच राहिला. लाकडं फोडली, पाणी भरलं, खाटेचा ढिला पाय ठोकून दिला. उन्हं कलायच्या आधी निघायला हवं होतं, पण निघता निघता उशीर झाला.

परतताना दोर उदेभानच्या हातात होता. चमेली मागे. झुडपांच्या वाटेवर कबऱ्या एकाएकी थांबला. पाठीवरचे केस उभे राहिले. गुरगुरला नाही, आणि उदेभानला तेच आवडलं नाही. उजवीकडच्या घाणेरीच्या झुडपात काहीतरी हललं आणि थांबलं. वारा नव्हता.

"पुढं ये," तो चमेलीला म्हणाला. "माह्या अंगाशी."

कबऱ्या मागे सरायला लागला, चारही पाय रोवून, डोकं खाली घालून, पूर्ण जोराने. उन्हाळ्यात एकदा असाच मागे सरून कबऱ्याने त्या निमुळत्या डोक्यावरून पट्टा काढून टाकला होता आणि जंगलात पळाला होता, आणि कुणीतरी पट्टा ढिला केला असं म्हणून उदेभान आठवडाभर धुसफुसत राहिला होता. आता कुत्रा सुटला तर सरळ त्या घाणेरीत जाणार, नाहीतर उलट्या बाजूने जंगलात. त्याने दोर घट्ट धरला. नवार ताणली गेली, छातीवर बसली, आणि सुटली नाही. कबऱ्या धडपडला, वळला, शेवटी उदेभानच्या पायाला येऊन चिकटला. थरथरत होता.

उदेभानने काठी झाडाच्या बुंध्यावर आपटली. चमेली मोठ्याने ओरडली. घाणेरीतलं जे काही होतं ते खालच्या नाल्याकडे गेलं, पाचोळ्याचा आवाज लांबत गेला. बिबट होता की डुक्कर, ते दिसलं नाही. दोघं झपाझप पाळीवर आली.

पाळीवर चमेली म्हणाली, "उघडी मान पाहून धरली असती त?"

"तेच त म्हनतो मी."

"अना पट्टा असता त निसटला असता."

उदेभान काही पावलं चालला. "हो," तो म्हणाला. "निसटला असता."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कबऱ्याला घेऊन रीताकडे गेला. चुकांचा पट्टा बरोबर नेला होता. गळ्यात पट्टा ठेवला की त्याच्या चुका नवारीत अडकायच्या, म्हणून चमेली तो काढून ठेवायची. रीताने छातीवरची पट्टी दोन बोटं खाली घेतली आणि खांद्यावरची मागे सरकवली. आता पट्टा गळ्यात राहणार होता, दोर मात्र पाठीवरच्या नवारीला. उदेभानने शिवणीचा प्रत्येक टाका ओढून पाहिला. एका जागी त्याला संशय आला आणि तिथे त्याने रीताला पुन्हा शिवायला लावलं. ती हसली, पण शिवून दिलं.

पुनारामकडे जायला त्याला आणखी काही दिवस लागले. तो गेला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "माहं चुकलं, भाऊ." पुनारामने बस म्हटलं नाही, पण जा पण म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या बायकोने, सुशीलाबाईने, आतून चहा आणून ठेवला. तो संबंध पूर्वीसारखा व्हायला वर्ष जाईल असं चमेलीला वाटत होतं. उदेभानला वाटत होतं, होणारच नाही.

टोल्यावर मात्र तो सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला. मनीरामला तो आणि धुरपता मिळून नवारीने उचलत आणि खाट बाहेर काढत. कबऱ्या खाटेखाली पडून राही. मनीरामचं बोलणं धुरपताशिवाय कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे तो आणि उदेभान तलावाकडे बघत बसत. एकदा ऊन सरकून मनीरामच्या तोंडावर आलं. त्याने मान वळवली. उदेभानने पाहिलं, उठला, आणि खाट ओढून कडुनिंबाच्या सावलीत नेली.